चौघांच्या चार तऱ्हा: गाडीने कॅम्पिंगला जाताना स्लीपिंग बॅगेची निवड

निफाडचा पारा घसरला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत ती पहिल्या पानावरची बातमी होते, द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आमच्या घरच्या मंडळींना तंबू घेऊन भंडारदऱ्याला जाण्याची हुक्की येते. घोटीमार्गे जेमतेम दोन तासांचा रस्ता आहे, पाण्याच्या काठापासून थोड्या अंतरावर गाडी नेता येते, आणि शेगडीपासून पाण्याच्या कॅनपर्यंत सगळे सामान डिकीतून थेट तंबूपाशी उतरवता येते. तिथले गावकरी तंबू, गाद्या आणि ब्लँकेटे भाड्याने देतात व बहुतेकांचे त्यावर भागते. आमचेही काही काळ भागले. पुढे सासूबाई आमच्याबरोबर येऊ लागल्या. त्यांना दम्याचा थोडा त्रास असल्यामुळे अनेकांच्या वापरातल्या आणि दवाने दमट झालेल्या ब्लँकेटांचा वास सोसेना, तेव्हा चौघांसाठी घरच्या स्लीपिंग बॅगा घ्यायच्या असे ठरले.

हे काम एका संध्याकाळी दुकानात जाऊन उरकेल असे वाटले होते, पण त्यात हिवाळ्याचा बराचसा काळ गेला. याचे एक कारण असे की ज्यांना म्हणून विचारावे ते सगळे ट्रेकर निघाले. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या माणसाला पाठीवरचे अर्धा किलो वजन कमी करण्यासाठी दुप्पट पैसे मोजणे परवडते, कारण ते वजन त्याच्या गुडघ्यांवर येत असते. स्लीपिंग बॅग किती हलकी आणि तिची घडी केवढी होते, हे त्याचे पहिले दोन प्रश्न असतात. तीत कूस बदलता येते का, हा प्रश्न त्याच्या यादीत असला तर शेवटी असतो. आमचे वजन गाडी उचलणार होती. म्हणून मी ती यादी उलटी करून वाचायचे ठरवले: आधी झोप, मग ऊब, मग धुण्या-वाळवण्याची सोय, मग किंमत, आणि वजन अगदी तळाशी.

सासूबाईंचा पहिला आक्षेप मुळावरच होता. "अगं, घरात चार गोधड्या आहेत, दोन सोलापुरी चादरी आहेत. गाडीतूनच न्यायचं तर ह्या पिशव्या कशाला विकत घ्यायच्या?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि आजही माझे मत असे आहे की पवनेच्या काठी किंवा इगतपुरीच्या आसपास ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादी रात्र काढायची असेल तर जाड सतरंजी, गादी आणि गोधडी यांवर उत्तम झोप लागते. अडचण कडाक्याच्या थंडीत आणि दवाच्या रात्री येते. गोधडी कूस बदलताना सरकते आणि पाठीशी फट पडते. सुती असल्यामुळे ती दव शोषून घेते, जड होते, आणि सकाळी नऊपर्यंत गाशा गुंडाळायचा असेल तर वाळत नाही. शिवाय जुन्या लुगड्यांची, हाताने धावदोरा घातलेली ती गोधडी तंबूच्या मातकट जमिनीवर पसरायला मन धजावत नाही. गोधडी सोबत राहीलच, पण ती वरून घ्यायला, असा समझोता झाला.

मग नेमकी किती थंडी गृहीत धरायची, हे ठरवणे आले. उंचीचा ढोबळ नियम असा की दर १००० मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने भंडारदरा नाशिकपेक्षा फार थंड असण्याचे कारण नाही, कारण दोन्ही ठिकाणांच्या उंचीत तेवढा फरकच नाही. प्रत्यक्षात मात्र निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर दव गोठते आणि गावात त्या मानाने सुसह्य थंडी असते, त्यामागे हेच कारण आहे. भंडारदऱ्याला एका रात्री मी साधा तापमापक पाण्यालगत आणि नंतर तीस-चाळीस पावले वर, टेकाडावर ठेवून पाहिला, तेव्हा खालचा आकडा दोन अंशांहून अधिक कमी आला. पाण्यालगतचा तंबू छायाचित्रात देखणा दिसतो, पण झोपायला टेकाडच बरे. त्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-नऊ अंश गृहीत धरावेत, थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली, असा मी अंदाज बांधला आणि खबरदारी म्हणून आणखी पाच अंश खाली उतरून हिशेब केला.

आकड्यांचा खरा घोळ बॅगेच्या लेबलवर सुरू होतो. स्वस्त बॅगांवर "० ते १५ अंश" असे काहीतरी छापलेले असते आणि ग्राहक समजतो की शून्य अंशातही आपण आत गाढ झोपू. ज्या बॅगा रीतसर तपासलेल्या असतात त्यांच्यावर ईएन १३५३७ या जुन्या युरोपीय मानकाचा किंवा २०१६ मध्ये आलेल्या आयएसओ २३५३७ चा उल्लेख असतो आणि तीन वेगवेगळी तापमाने दिलेली असतात. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी त्यांची नावे. चाचणीसाठी माणसाच्या आकाराचा, आतून तापवता येणारा पुतळा पातळ कपडे आणि मोजे घालून बॅगेत ठेवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून काढलेले कम्फर्ट तापमान म्हणजे प्रमाण मानलेली एक स्त्री सैलसर पडून निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग आक्रसून आठ तास न उठता कसाबसा झोपेल ते. एक्स्ट्रीम हा तर झोपेचा आकडाच नव्हे. त्या तापमानात सहा तास जीव वाचेल, हिमदंश होणार नाही याची मात्र हमी नाही, इतकाच त्याचा अर्थ.

ही माहिती वाचल्यावर जाहिरातींकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. ठळक अक्षरांत असतो तो आकडा बहुधा लिमिट किंवा एक्स्ट्रीमचा असतो, आणि कम्फर्टचा आकडा शिवणीतल्या छोट्या पट्टीवर सापडतो. कधी सापडतच नाही. शिवाय प्रमाण स्त्री आणि प्रमाण पुरुष हे दोघेही चाचणीच्या हिशेबात पंचवीस वर्षांचे आहेत. आमच्या तंबूत त्या वयाच्या आसपास फक्त लेक आहे. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली, माझे पाय सप्टेंबरपासूनच गार, आणि नवरा मात्र जानेवारीतही पंखा लावून झोपणारा. एकाच आकड्याच्या चार बॅगा घेतल्या तर दोघांना थंडी वाजेल आणि दोघांना उकडेल, हे तिथेच स्पष्ट झाले. मी कागदावर चार नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे कम्फर्टचा वेगळा आकडा मांडला: सासूबाई आणि मी यांच्यासाठी शून्याच्या आसपास, लेकीसाठी पाच, नवऱ्यासाठी दहा.

आकाराचा निर्णय घरीच, पलंगावर झाला. नवरा एका कुशीवर, वरचा पाय गुडघ्यात दुमडून झोपतो, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होते, पण त्याला किती जागा लागते हे कधी मोजले नव्हते. शिवणकामाची टेप घेऊन मी तो झोपला असताना पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. ते ८० सेंटिमीटरच्या पुढे गेले. बाजारातल्या साध्या आयताकृती बॅगा ७५ सेंटिमीटर रुंद असतात, आणि मम्मी नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पायाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बॅगा खांद्यापाशी तेवढ्याच भरल्या तरी गुडघ्यापाशी बऱ्याच अरुंद होतात. निमुळत्या आकारामागे शास्त्र आहे: आत मोकळी हवा जितकी कमी, तितकी शरीराला ती तापवायला कमी उष्णता लागते. थंडी मोठी असेल तेव्हा हे खरोखर कामाला येते. परंतु रात्रीतून दहा वेळा कूस बदलणाऱ्या माणसाला तीत बांधून घातल्यासारखे वाटते आणि तो झोपतच नाही. न झोपलेल्या माणसाला ऊब मिळून उपयोग काय?

सासूबाईंची गरज याहून वेगळी होती आणि ती त्यांनी दुकानातच बोलून दाखवली. खेळाच्या सामानाच्या त्या मोठ्या दुकानात चटया पसरून त्यावर बॅगा घालून पाहू देतात. विक्रीला उभ्या असलेल्या मुलाने मोठ्या आस्थेने एक मम्मी बॅग उलगडली, "आजी, ही एकदम गरम आहे, आत जाऊन बघा" असे म्हणाला. सासूबाई चटईवर बसल्या, पाय आत सरकवले, चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि क्षणभराने विचारले, "हे सगळं ठीक आहे रे बाळा, पण मला रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात ही साखळी कुठे शोधू?" त्या मुलापाशी उत्तर नव्हते. मग त्यांनी स्वतःच प्रयोग केला: डोळे मिटून चेनचा सरक हाताने शोधला, तो खांद्याच्या मागे अडकला होता, आणि उघडल्यावरही चेन अर्ध्यावरच संपत असल्यामुळे पाय बाहेर काढताना त्यांना माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर प्रत्येक बॅगेची हीच परीक्षा झाली. चेन पायापर्यंत पूर्ण उघडते का, सरक आतून आणि बाहेरून दोन्हीकडून धरता येतो का, अस्तर त्यात अडकते का. अस्तर अडकू नये म्हणून चांगल्या बॅगांत चेनच्या कडेने ताठ फीत शिवलेली असते. ती नसेल तर मध्यरात्री पातळ कापड दात्यांत अडकणार हे नक्की समजावे.

चेनच्या आतल्या बाजूने भरीव पट्टी आहे का, हेही तिथेच हात घालून पाहिले. दात्यांमधून गार हवा झिरपते आणि ती अडवायला ही पट्टी असते. कमी किमतीच्या बॅगांत ती गाळलेली असते. दुसरी तपासणी मला एका कारागिराने, म्हणजे आमच्या गादीवाल्याने, आधी शिकवून ठेवली होती: बॅग पिशवीतून काढून थोडा वेळ फुलू द्यावी आणि मग ट्यूबलाइटसमोर आडवी धरावी. शिवण आरपार मारलेली असेल तर टाक्यांच्या रेषेवर उजेडाची बारीक रेघ दिसते, कारण तिथे भरण जवळजवळ नसतेच, आणि थंडीही त्याच रेषेने आत येते. ज्या बॅगांत भरणाचे दोन थर एकमेकांच्या शिवणींवर येतील असे सरकवून लावलेले असतात, त्यांत ही रेघ दिसत नाही. दहा अंशांच्या बॅगेला आरपार शिवण चालते. शून्याच्या बॅगेत ती दिसली तर लेबलवरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

भरणाचा प्रश्न आमच्या घरात अर्ध्या मिनिटात निकाली निघाला. उत्तम आणि हलक्या बॅगांत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे असतात. त्यांची प्रत फिल पॉवरच्या आकड्याने सांगतात. ६५० म्हणजे एक औंस पिसे फुलल्यावर ६५० घन इंच जागा व्यापतात. आकडा जितका मोठा, तितक्याच वजनात ऊब अधिक. हे मी वाचून दाखवत असताना सासूबाईंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि "बदकाची पिसं पांघरून मला झोप लागायची नाही हो," एवढेच म्हणाल्या. माळकरी घरात हा विषय तिथेच संपतो. पण माळ बाजूला ठेवून विचार केला असता तरी माझा निर्णय तोच राहिला असता. पिसांचे मोठेपण त्यांच्या हलकेपणात आणि लहान घडीत आहे, आणि डिकी असणाऱ्याला या दोन्हींचे फारसे मोल नाही. ओली झाली की पिसे गोळा होतात, फुगणे संपते आणि त्याबरोबर ऊबही जाते. पॉलिएस्टरचे पोकळ तंतू भरलेली बॅग तेवढ्याच उबेसाठी जड आणि मोठी होते, पण दवाने ओलसर झाली तरी बरीच ऊब धरून राहते, घरच्या मशिनमध्ये धुता येते आणि किंमत निम्म्याहून कमी असते. ट्रेकिंगचा नाद असलेल्या एका भाच्याने "मावशी, अडीच किलोची बॅग म्हणजे फार होतं" असे फोनवर सांगितले. फार होतेच. ते वजन गाडीपासून तंबूपर्यंत वीस पावले उचलायचे होते.

दुकानातल्या खरेदीआधी ऑनलाइन मागवलेली एक बॅग परत करावी लागली, तिचाही उल्लेख करायला हवा. छायाचित्रात ती गुबगुबीत दिसत होती. पाकिटातून निघाली ती हवा काढून दाबलेली, आणि दोन दिवस मोकळी पसरूनही फुगली नाही. लांबी २२० सेंटिमीटर लिहिली होती, पण त्यात डोक्याकडचा उशीचा भाग धरलेला होता. खांद्यापासून पायापर्यंतची खरी जागा नवऱ्याच्या उंचीला अपुरी पडली. तेव्हापासून लांबीचा आकडा आत झोपून तपासल्याशिवाय मी मानत नाही.

नवऱ्याचा आग्रह दोन बॅगा जोडून मोठी एक करण्याचा होता. एकाच मॉडेलच्या दोन बॅगा, एकीची चेन उजवीकडे आणि दुसरीची डावीकडे अशा घेतल्या तर त्या जोडता येतात. दोघांच्या चेनची लांबी आणि दात्यांचा आकार तंतोतंत सारखा असावा लागतो, म्हणून दुकानातच जोडून पाहाव्यात. आम्ही पाहिल्या, जुळल्याही. पण दोन वेगळ्या आकड्यांच्या बॅगा जोडल्या जात नव्हत्या आणि मला माझे शून्य सोडायचे नव्हते. जोडलेल्या बॅगेत दोघांच्या मानांमधून गार हवा आत शिरते, हेही चटईवर पडल्या पडल्या लक्षात आले. रात्री बारा वाजता "उकडतंय" म्हणून चेन उघडणाऱ्या माणसाशी स्वतःची ऊब जोडून घेण्यात शहाणपण नाही, असे मी म्हणाले, आणि विक्रीचा मुलगा हसू दाबत दुसरीकडे पाहू लागला.

बॅगा ठरल्या तरी निम्मे काम उरले होते, कारण ऊब जितकी वरून जाते तितकीच खालून जाते. अंगाच्या भाराखाली भरण चेपून सपाट होते आणि चेपलेल्या भरणात हवा राहत नाही. तिथे जमिनीची थंडी अडवायची ती खालच्या मॅटने. प्रयोगशाळेत त्या पुतळ्याखालीसुद्धा मॅट असते, त्यामुळे लेबलवरचे तापमान मॅट गृहीत धरूनच लिहिलेले आहे. मॅटची थंडी अडवण्याची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात. साधी फोमची मॅट सुमारे २ ची असते, आपोआप फुगणाऱ्या फोमच्या जाड मॅटा ४ च्या पुढे जातात, आणि एकावर एक दोन मॅटा घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे पंपाने फुगवायची मोठी हवेची गादी. तीत नुसती हवा असते, ती आत फिरत राहते आणि जमिनीची थंडी पाठीला आणून देते. एप्रिलमध्ये ती सुखाची. जानेवारीत तिच्यावर फोमची मॅट घातल्याशिवाय झोपू नये.

सासूबाईंना जमिनीवरून उठणे जड जाते म्हणून त्यांच्यासाठी घडीची खाट घेतली. खाटेखालून वारा वाहतो आणि जमिनीपेक्षाही पाठ गार पडते, त्यामुळे खाटेवर फोमची मॅट आणि तीवर घरची पातळ गादी असा थर ठरला. ट्रेकरला हे सगळे हास्यास्पद वाटेल. आम्हांलाही सामान गाडीत भरताना थोडे वाटतेच.

पहिली चाचणी घराच्या गच्चीवर, डिसेंबरातल्या एका थंड रात्री घेतली. शेजाऱ्यांनी चौकशी केली, ती होणारच होती. लेक मम्मी बॅगेत शिरली आणि सकाळपर्यंत हलली नाही; तिला महाविद्यालयाच्या ग्रुपबरोबर कळसूबाईला जायचे असल्यामुळे तिच्यासाठी मुद्दाम हलकी, निमुळती बॅग घेतली होती. नवऱ्याने अपेक्षेप्रमाणे चेन उघडली, पण त्याच्या बॅगेच्या चेनला खालूनही उघडणारा दुसरा सरक असल्यामुळे पाय बाहेर आणि छाती आत अशी त्याची सोय झाली. मला जाणवली ती अस्तराची गोष्ट. पॉलिएस्टरचे गुळगुळीत अस्तर आत शिरताना गारठलेले लागते आणि थोडा घाम आला की अंगाला चिकटते. सुती अस्तराच्या बॅगा मिळतात, पण त्या वाळायला वेळ घेतात. यावर बाजारात वेगळे लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ कापडी खोळ, विकत मिळते. मी ते घरीच शिवले.

जुनी, धुऊन मऊ झालेली एक सुती साडी घेतली. साडेपाच मीटरच्या साडीतून सव्वादोन मीटरचे दोन तुकडे सहज निघतात. बॅगेच्या रुंदीपेक्षा चार-पाच बोटे जास्त ठेवून उरलेली रुंदी कापली, साडीच्या टोकाची पिको केलेली बाजू तोंडाशी घेतली, म्हणजे ती उसवत नाही आणि चेहऱ्याला मऊ लागते. तळ आणि एक बाजू पूर्ण शिवली, दुसरी बाजू मात्र खालच्या अर्ध्यातच शिवली. चेन ज्या बाजूला उघडते त्याच बाजूला लायनरही मांडीपर्यंत उघडे राहिले पाहिजे, नाहीतर रात्री उठताना आधी चेन आणि मग साडीचे वेढे सोडवत बसावे लागते. कोपऱ्यांना नाड्या लावून त्या बॅगेच्या आत शिवलेल्या फितीच्या फासांना बांधल्या, त्यामुळे कूस बदलताना लायनर गुंडाळले जात नाही. ज्या बॅगेला असे फास नव्हते तिला मीच फितीचे तुकडे शिवून लावले. लायनर दर वेळी धुता येते, त्यामुळे बॅग क्वचितच धुवावी लागते आणि तिचे भरण टिकते. आता घरातल्या चारही बॅगांना अशी लायनरे आहेत, आणि सासूबाईंचे त्यांच्याच जुन्या इरकलीचे आहे.

भंडारदऱ्याच्या थंडीत बॅगा उतरल्या त्या रात्री वाऱ्याचा मागमूस नव्हता आणि दव मात्र भरपूर पडले. ऊब राहावी म्हणून तंबूच्या खिडक्या बंद कराव्यात असे वाटते, पण चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमून पहाटे थेंब गळतात. वरच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या तेव्हा आतले कापड बऱ्यापैकी कोरडे राहिले. बॅगेचा पायाकडचा भाग तंबूच्या भिंतीला टेकला तर तो ओला होतो, म्हणून खाट आणि मॅटा मधोमध घेतल्या. तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडणे टाळायचे, त्याऐवजी कानटोपी घालायची. या बाबतीत नवऱ्याची माकडटोपी सर्वांच्या थट्टेचा विषय होती आणि रात्री दोननंतर सर्वांच्या हेव्याचा. सासूबाईंनी घरून रबराची गरम पाण्याची पिशवी आणली होती. झोपण्याआधी ती बॅगेत पायापाशी ठेवली की अस्तराचा तो पहिला गारठा जातो, आणि बूच घट्ट आहे ना हे दोनदा पाहिले की दुसरी काळजी नसते. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही, शरीराची तेवढी राखते, त्यामुळे जेवण न करता, ओले मोजे घालून, कुडकुडत आत शिरलेल्या माणसाला ती लवकर तापवू शकत नाही.

शेजारच्या तंबूतल्या एका कुटुंबाने थंडी वाजते म्हणून जळत्या कोळशाची शेगडी तंबूत नेली, तेव्हा आम्ही उठून त्यांना ती बाहेर काढायला लावले. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपण्याचाही धोका तोच. थंडीचा इलाज पांघरुणात आणि खालच्या मॅटेत शोधायचा. ते कमी पडत असेल तर गाडी काढून घरी किंवा जवळच्या मुक्कामाच्या ठिकाणी जावे.

त्या रात्री सासूबाई दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा कोणालाही हाक न मारता. मला पहाटे चारच्या सुमारास कमरेच्या खाली गार लागले. चाचपून पाहिले तर मॅटवरून निसरडी बॅग उताराच्या बाजूला घसरली होती. पुढच्या खेपेपासून डोके चढाकडे ठेवून मॅट मांडतो आणि मॅटेखाली सतरंजी घालतो. घसरणे बरेच थांबले आहे, पूर्ण नाही.

साठवणुकीबद्दल दुकानात कोणी काही सांगत नाही. बॅग ज्या छोट्या पिशवीत कोंबून मिळते, त्या पिशवीत ती महिनोन्महिने ठेवली तर तंतू चेपले जातात आणि पुन्हा पूर्ण फुलत नाहीत. ती पिशवी फक्त प्रवासापुरती. घरी आल्यावर उन्हात उलटी करून वाळवायची आणि जुन्या चादरीच्या सैल थैलीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची. पावसाळ्यात घाटाच्या बाजूची दमट हवा नाशिकपर्यंत पोचते, तेव्हा थैलीत वेखंडाचे तुकडे टाकतो. डांबराच्या गोळ्यांचा वास सासूबाईंच्या दम्याला चालत नाही. धुताना सौम्य साबण, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि वाळताना मधूनमधून हाताने झटकायचे, नाहीतर भरणाच्या गाठी होतात.

उन्हाळ्यात कोकणात, गुहागरच्या बाजूला गेलो की रात्रीही पारा पंचविशीच्या खाली सहसा उतरत नाही आणि हवा घामट असते. तिथे पूर्ण चेनच्या तीन आयताकृती बॅगा सपाट उलगडून एकीशेजारी एक अंथरतो, वर साडीची लायनरे पसरतो आणि अंगावर फक्त सोलापुरी चादर घेतो. लेकीच्या निमुळत्या बॅगेची चेन गुडघ्यापाशी संपते, ती अशी उलगडत नाही, त्यामुळे त्या फेरीत ती बॅग घरीच राहते.